गाडी खटखट करते तेव्हा गॅरेजात काय सांगायचं

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत, गाडी चालवणाऱ्या आपल्या सदस्येने केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मागच्या महिन्याचा हिशोब वाचला तेव्हा ‘गाडी सर्व्हिसिंग व दुरुस्ती’ या ओळीवर बऱ्याच जणींनी विचारलं, की गॅरेजवाल्यानं आधी जो मोठा आकडा सांगितला होता तो गेला कुठं? तो कुठं गेला नाही. तो खर्च करायची वेळच आली नाही. ती का आली नाही हे सांगायला अध्यक्षताईंनी मला अर्धा तास दिलाय. विषय आहे गाडीच्या सस्पेन्शनचा. नाव ऐकून मागच्या रांगेतल्या मावश्यांनी लगेच डबे उघडू नका. तुमच्यापैकी ज्यांनी बैलगाडीत बसून माहेर गाठलंय, त्यांना हा विषय माझ्याआधी कळेल.

आठवा बरं. गाडी चालताना चाक करकरायला लागलं की आजोबा खाली न उतरता सांगायचे, आसाला वंगण नाही. खडखड झाली की म्हणायचे, चाकाची धाव ढिली झालीय. आवाजावरून दुखणं ओळखणं ही आपल्याकडं जुनी गोष्ट आहे. जातं जड चाललंय का, शिलाई मशीनची सुई घासतेय का, दुधावरचं झाकण का वाजतंय, हे आपण न बघता सांगतो. मोटारीच्या बाबतीत मात्र आपण गॅरेजात जाऊन एवढंच बोलतो, “दादा, आवाज येऊ लागलाय, बघा.” आणि पुढं दादा जे सांगेल ते खरं.

आधी थोडं गाडीबद्दल. २०१७ साली केंद्र सरकारनं आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना आणली. जिथं एसटी पुरेशी पोचत नाही तिथं बचत गटातल्या सदस्यानं प्रवासी गाडी चालवायची, आणि त्यासाठी साडेसहा लाखांपर्यंत बिनव्याजी कर्ज आपल्यासारख्या संघानं द्यायचं, अशी ती कल्पना. आपली गाडी त्या योजनेतली नाही, जुनी घेतलेली आहे, पण कल्पना तीच. सकाळी शाळेची पोरं, मग दवाखान्याची माणसं, बाजाराच्या दिवशी भाजीच्या जाळ्या. २०१८ मध्ये जालन्याला रेशीम कोषांचा बाजार सुरू झाला, तेव्हापासून तुतीवाल्या बायांचे कोषही मोटारीनं जालन्याला जाऊ लागले. आपल्या गाडीवर हप्ता आहे. गाडी आठ दिवस गॅरेजात उभी राहिली तरी हप्ता थांबत नाही, आणि चाकाखालचा भाग तुटून गाडी पोरांसकट नाल्यात गेली तर हप्त्याचा विचारही कुणी करणार नाही. म्हणून आवाज ओळखायला शिकायचं, पैसे वाचवायला आणि जीव वाचवायलाही. या दोन्ही गोष्टी एकाच आवाजात लपलेल्या असतात, हीच खरी अडचण आहे.

आता सस्पेन्शन म्हणजे काय? चाकं आणि गाडीचं धूड यांच्या मधलं सगळं. स्प्रिंग धक्का झेलते. पण नुसती स्प्रिंग असली तर खड्डा गेला तरी गाडी पाळण्यासारखी झुलत राहील. ते झुलणं थांबवतो शॉकअप, त्याच्या आत तेल असतं. आपल्यासारख्या गाड्यांत पुढच्या चाकाला स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात बसवलेले असतात. अमेरिकेतल्या अर्ल मॅकफर्सन नावाच्या इंजिनिअरनं १९४०च्या दशकात ही जोडणी काढली, आणि आज साध्यातल्या साध्या मोटारीत ती आहे. चाकाला खालून धरणारा लोखंडी हात असतो, त्याला लोअर आर्म म्हणतात. तो गाडीला जिथं जोडलाय तिथं रबराचे बुश, आणि चाकाच्या बाजूला बॉल जॉईंट. बॉल जॉईंट म्हणजे आपल्या खुब्याचा सांधा. वाटीत गोळा. तो सगळीकडं फिरतो, पण वाटी झिजली की खटखटतो, आणि फारच झिजली की गोळा वाटीतून निसटतो. माणसाचा खुबा निसटला की माणूस खाली बसतो. गाडीचा निसटला की चाक बाहेर मुडपतं आणि गाडी नाकावर बसते.

आपल्या जिल्ह्यात हे सगळं जरा लवकरच झिजतं. कारण काळी माती. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता दोन-तीन वर्षांत लाटेसारखा होतो. एक चाक वर, एक चाक खाली. अंबड-घनसावंगीकडं उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्याला चाकोऱ्या पाडलेल्या असतात ते वेगळंच. समृद्धी महामार्गावर जी गाडी लोण्यासारखी चालते तीच आपल्या शिवारातल्या रस्त्याला लागली की बोलायला लागते. म्हणून “हायवेवर तर काही आवाज नाही ताई” असं ऐकून समाधान मानायचं नाही.

आता मुद्द्यावर येते. ठरलेल्या किलोमीटरला सर्व्हिसिंगला गाडी नेली. ऑईल, फिल्टर, ब्रेक बघणं, नेहमीचंच. त्याआधी पंधरा दिवसांपासून पुढून डावीकडून टकटक येत होती. जॉब कार्ड लिहिणाऱ्या पोराला सांगितलं. त्यानं गाडी एका जॅकवर डावीकडून उचलली, चाक धरून हलवलं, काही ढिलं लागलं नाही. खाली उतरवली आणि म्हणाला, “पुढचे दोन्ही शॉकअप, वरची माउंटिंग, सगळंच गेलंय.” आकडा सांगितला, तो आपल्या दोन हप्त्यांच्या वर होता. वर हेही विचारलं की सोबत कोणी पुरुष माणूस आलंय का, त्यांच्याशी बोलतो. गॅरेजचं नाव मी सांगणार नाही. हा प्रश्न एकाच गॅरेजात विचारला जातो असंही नाही, पेट्रोल पंपावर मला तो दर महिन्याला ऐकू येतो. रागावून वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. मी वही काढली.

ही वही तुम्हाला दाखवते. आपल्या गटाच्या बैठकीच्या वहीसारखीच आहे. तारीख, किलोमीटर, गाडीत किती माणसं, कोणता रस्ता, वेग किती, आवाज कसा. “कसा” या रकान्यात आपली मराठी फार कामी येते. टकटक वेगळी, धप्प वेगळं, करकर वेगळी, घूंघूं वेगळं. पंधरा दिवसांत त्या वहीतून तीन गोष्टी दिसत होत्या. आवाज हळू वेगात, खडबडीत रस्त्यावर येतो. गाडी रिकामी असो की भरलेली, येतोच. आणि तिसरी गोष्ट, तीच सगळ्यात मोलाची. गतिरोधकावरून गाडी सरळ नेली, म्हणजे दोन्ही पुढची चाकं एकदम चढली, तर आवाज नाही. तिरपी नेली, एक चाक आधी आणि दुसरं नंतर, की टकटक.

याचा अर्थ काय, ते नीट ऐका. पुढच्या दोन चाकांना जोडणारा एक वाकवलेला लोखंडी दांडा बऱ्याच गाड्यांना असतो, सगळ्यांना नसतो. त्याला स्टॅबिलायझर बार म्हणतात. वळणावर गाडी एका बाजूला फार कलू नये म्हणून तो असतो. त्याची दोन्ही टोकं दोन छोट्या दांड्यांनी चाकाकडच्या भागाला धरलेली असतात, त्या लिंक. आता आपण दोघी मिळून धुतलेली गोधडी पिळतो ना, तसं समजा. दोघींनी एकाच बाजूला हात फिरवले तर गोधडीला पीळ बसत नाही. एकीनं इकडं आणि दुसरीनं तिकडं फिरवला तरच बसतो. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर दांड्याला पीळ नाही, लिंकवर जोर नाही, आवाज नाही. एक चाक वर, एक खाली, की पीळ बसतो आणि लिंकचा सांधा झिजलेला असेल तर तो वाजतो. शॉकअप किंवा त्याचं माउंटिंग गेलेलं असतं, तर सरळ गतिरोधकावरही वाजलं असतं. त्यांना दोन्ही चाकांचा हिशोब नसतो, आपलं चाक दबलं की पुरे.

मग त्या पोराला जॅकवर काही ढिलं का लागलं नाही? तो खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. एकच चाक उचललं की ते चाक लोंबतं, दुसरं जमिनीवर दबलेलं राहतं. म्हणजे दांड्याला पीळ बसलेलाच राहतो आणि लिंक ताणलेली राहते. ताणलेल्या दावणीची गाठ सैल आहे का हे हाताला कळत नाही, तसंच. लिंक तपासायची तर दोन्ही चाकं सारखी हवीत. एकतर दोन्ही जमिनीवर, नाहीतर दोन्ही लिफ्टवर लोंबती. हे मी वही दाखवून तिथल्या उस्तादांना विचारलं. म्हातारे आहेत, दहा गाड्यांमध्ये उभे होते. त्यांनी वही वाचली, काही बोलले नाहीत. गाडी सपाट फरशीवर घ्यायला लावली आणि चाकाच्या मागून हात घालून डावी लिंक हलवली. टक. ती टक तिथं उभ्या सगळ्यांनी ऐकली. मग त्यांनी बॉनेटचा डावा कोपरा जोरात दाबून सोडला. गाडी एकदा वर आली आणि थांबली. शॉकअप कोरडे होते, तेल गळून धूळ चिकटलेली नव्हती. लिंक बदलल्या, दोन्ही बाजूच्या, कारण उजवी पण फार दिवसांची नव्हती. खर्च त्या पहिल्या आकड्याच्या सातव्या हिश्श्याएवढा आला. तोच हिशोबात आहे.

पण हे ऐकून कोणी असं समजू नका की टकटक म्हणजे लिंक आणि लिंक म्हणजे स्वस्तातलं काम. तशीच टकटक बॉल जॉईंटचीही येते, आणि तिथं थांबायला वेळ नसतो. म्हणून लिंक सापडली तरी उस्तादांकडून पुढची तपासणी करून घेतली. चाक जॅकवर उचलायचं, वर आणि खाली हात धरायचे, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी, आणि हलवायचं. खेळ लागला तर बॉल जॉईंट नाहीतर चाकाचं बेअरिंग. दोन्हींतला फरक कळायला एकीनं आत बसून ब्रेक दाबायचा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉईंटकडं बघायचं. मग हात डावी-उजवीकडं, नऊ आणि तीनच्या जागी. तिथं खेळ लागला तर स्टेअरिंगचा टाय रॉड. बॉल जॉईंट किंवा टाय रॉडमध्ये खेळ सापडला की गाडी त्या दिवशी भाड्यावर जायची नाही. पोरं चालत गेली तरी चालेल, एक दिवस बाजार बुडला तरी चालेल. या एका बाबतीत मी कोणाशी वाद घालणार नाही.

जॅकचं नाव निघालं म्हणून सांगते, नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कोणीही जायचं नाही. मेकॅनिक गेला तरी त्याला हटकायचं. खाली स्टँड किंवा लाकडाचे जाड ठोकळे हवेत, बाकीच्या चाकांना दगड, हँडब्रेक ओढलेला आणि जमीन टणक. ओल्या काळ्या मातीत जॅक लोण्यात सुरी जावी तसा जातो.

बाकीचे आवाज भराभर सांगते. ब्रेक लावताना किंवा गाडी उचलताना धप्प होत असेल तर लोअर आर्मचे बुश बघा, रबर फाटलेलं दिसतं. उभ्या गाडीचं स्टेअरिंग पूर्ण फिरवताना कटकट किंवा स्प्रिंग उडाल्यासारखा आवाज येत असेल तर वरची माउंटिंग किंवा तिचं बेअरिंग. पूर्ण वळण घेत गाडी पुढं नेताना कटकटकट येत असेल आणि इंजिनचा जोर पुढच्या चाकांना असेल तर तो सस्पेन्शनचा भाग नाही, चाक फिरवणाऱ्या एक्सलचा सांधा आहे. वेगाबरोबर वाढत जाणारं घूंघूं बेअरिंगचं असतं, कधी वाकडंतिकडं झिजलेल्या टायरचंही. आणि हे सगळं बघायच्या आधी डिकी उघडून जॅक, टॉमी, स्टेपनी घट्ट आहेत का ते बघा. आमच्याकडं एकदा दोन दिवस सगळे गाडीखाली डोकावत होते आणि वाजत होता कुणाचा तरी विसरलेला स्टीलचा डबा. हसू नका, डबा याच सभेतल्या एका ताईंचा आहे.

ज्यांच्या घरी छोटा हाती किंवा पिकअप आहे त्यांच्यासाठी दोन वाक्यं. तुमच्या गाडीला मागं पाटे असतात. गाडी उभी असताना एका बाजूला कललेली दिसली तर पाटा तुटलाय का बघा, आणि पाटे एक्सलला आवळणारे यू आकाराचे बोल्ट सैल झालेत का ते प्रत्येक सर्व्हिसिंगला पान्यानं तपासून घ्या. कांद्याच्या दिवसात दीडपट माल भरायचा आणि नंतर पाट्याला दोष द्यायचा, हे घरच्या मंडळींना तुम्हीच सांगा, माझं ऐकणार नाहीत.

आता गॅरेजात वागायचं कसं. जॉब कार्डवर “आवाज येतो” एवढंच लिहू द्यायचं नाही. वहीतलं लिहायला लावायचं: पुढून डावीकडून, हळू वेगात, खडबडीत रस्त्यावर, तिरप्या गतिरोधकावर टकटक. शक्य असेल तर मेकॅनिकला शेजारी बसवून ज्या रस्त्यावर आवाज येतो त्याच रस्त्यावर फिरवून आणायचं. फोनवर आवाज रेकॉर्ड केलेला असला तर उत्तम. काम सुरू व्हायच्या आधी कोणता भाग का बदलायचा हे विचारायचं, “त्यात खेळ दाखवा” म्हणायचं. दाखवता येत नसेल तर बदलायचा नाही. जुना भाग परत मागायचा. तो भंगाराचा असला तरी हातात घेऊन हलवला की पुढच्या वेळी ओळख पटते. शॉकअप बदलायचेच झाले तर एका जोडीतले दोन्ही बदला. शॉकअप किंवा लोअर आर्म बदलला तर चाकांचं अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर महिन्याभरात टायर एका कडेनं खाऊन जातो. नुसत्या लिंकला त्याची गरज नसते, कोणी लावलं तर विचारा कशासाठी. आणि लोअर आर्मचे रबरी बुश बसवताना शेवटचा आवळा गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच द्यायला सांगा. चाक लोंबत असताना आवळले तर गाडी खाली उतरली की रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. ही शेवटची गोष्ट विचारली की मेकॅनिक जरा थांबून तुमच्याकडं बघतो. मग पुरुष माणूस आहे का विचारत नाही.

बिल पक्कं घ्यायचं, भागाचं नाव आणि मजुरी वेगळी लिहिलेली. न केलेल्या कामाचे पैसे लावले, किंवा चुकीच्या दुरुस्तीनं नुकसान झालं, तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाईनला फोन करून विचारता येतं. बिल नसेल तर मात्र तिथं काय दाखवणार?

आपली गाडी पिवळ्या पाटीची आहे, म्हणजे पासिंग चुकवता येत नाही. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. पासिंगच्या आदल्या दिवशी धावपळ करून रंग मारण्यापेक्षा वर्षभराची वही नेली तर कामं आधीच उरकलेली असतात. माझी सभेला विनंती आहे की आज ठराव घ्यावा: गाडीची ही वही संघाच्या दप्तरात राहील, दर सभेला हिशोबासोबत वाचली जाईल, आणि ठरवलेल्या रकमेच्या वरची दुरुस्ती संघाच्या दोन पदाधिकाऱ्यांना फोन केल्याशिवाय होणार नाही. रक्कम किती, ते तुम्ही ठरवा. मी चालवणारी आहे, माझ्यावर सोडू नका.

गाडी बाहेर लिंबाखाली, फरशीवर उभी आहे. ठोकळे लावलेत, चाकांना दगड आहेत. प्रत्येक ग्रामसंघातून दोघी-दोघी या, पदर खोचून या. आधी बॉनेटचा कोपरा दाबून बघायचा, मग चाक धरायचं. जुनी लिंक मी पिशवीत आणलीय, ती हातोहात फिरवा आणि नव्या लिंकशी ताडून बघा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी आत बसून ब्रेक दाबायचं काम घ्या, त्यालाही माणूस लागतोच. चहा नंतर आहे.